उपेंद्ररावांचा कॉम्प्युटर आणि खालची गिरणी

आमच्या ह्यांच्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नाही. हे मी म्हणत नाही, तेच म्हणतात. लग्नात अंतरपाट दूर व्हायच्या आधीच ह्यांनी हार पुढे केला, तर चूक भटजींची, कारण मंगलाष्टकं लांबली. नसरापूरच्या वळणावर स्कूटर आडवी झाली, तर चूक वळणाची. सगळी नोकरी भोरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात गेली आणि तिथेही कुणाला त्यांचं शिकवणं समजलं नाही तर दोष त्या पोराच्या घराण्याचा. उपेंद्र सर म्हटलं की अजून बाजारात माणसं नमस्कार करतात, आणि हे मान अशी काही हलवतात की जणू समोरच्याला पासच करून टाकलं.

मी शुभा, त्यांची बायको. मी वेल्ह्याला तहसील कचेरीत कारकून होते. एसटीने जाऊन येऊन नोकरी केली आणि जन्मभर लोकांचे अर्ज वाचले. खरा अर्ज कुठला आणि बनवलेला कुठला, ते मला पहिल्या दोन ओळींत कळायचं. घरातही कळायचं. पण घरात अर्ज फेटाळायची सोय नसते.

आमचं घर दुमजली, स्लॅबचं. वर आम्ही दोघं राहतो. खाली रस्त्याकडच्या गाळ्यात सुलक्षणाची पिठाची गिरणी. सुलक्षणा वेल्ह्याकडच्या डोंगरातली. आधी नवरा-बायको मिळून गिरणी चालवायची. नवरा गेल्यावर हिने डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि एकटीने दळायला सुरुवात केली. भुवया कायम पांढऱ्या. अख्खी गल्ली तिच्याकडे डबे ठेवून बिनघोर निघून जाते, आणि कुणाची ज्वारी कुणाच्या डब्यात गेली असं कधी झालेलं नाही. गिरणी सुरू झाली की माझ्या फळीवरच्या वाट्या जरा थरथरतात. मला त्याची इतकी सवय आहे की गिरणी बंद असली की घर ओकंबोकं वाटतं.

तर हे निवृत्त झाले आणि ह्यांनी कुलवृत्तांत लिहायला घेतला. आमच्या घराण्याच्या मूळपुरुषापासून आजपर्यंतची सगळी माणसं, कोण कधी जन्मला, कोण कुठे गेला. एकानेही काही केलेलं नाही, पण सगळ्यांची नोंद हवी. मिताली, आमची मुलगी, पुण्याहून म्हणाली, "बाबा, माझा लॅपटॉप घ्या, मला ऑफिसचा आहे." ह्यांनी नाक मुरडलं. तयार लॅपटॉप म्हणजे विकतची पुरणपोळी म्हणे. ज्याला विज्ञान येतं तो स्वतः जोडतो.

मग काय! मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, पुण्याला खेपा घालायच्या, खोकी आणायची. जेवायचं टेबल मदरबोर्डाला गेलं आणि आम्ही जमिनीवर पानं मांडून जेवलो. मी मोबाईलची बॅटरी धरून उभी. उजेड इकडे दाखव, तिकडे दाखव, हलू नकोस, श्वास घेऊ नकोस. एक बारका स्क्रू पोह्यांत सापडला तर म्हणतात, "तू पोहे इथे ठेवलेसच का?" पण खोटं कशाला बोलू? शेवटी पंखे फिरले, पडदा उजळला, तेव्हा ह्यांचे डोळे भरून आले. हात जोडून लहान मुलासारखे उभे होते. त्या क्षणी माणूस मला मनापासून आवडला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? आणि तू म्हणत होतीस लॅपटॉप घ्या." संपलं, आवड गेली.

तो गुढीपाडव्याचा दिवस होता. ह्यांनी लगेच कॉम्प्युटरची पूजा केली. कॅबिनेट काळं कुळकुळीत, एका बाजूला काच, समोर जाळी आणि वर मधोमध चालू करायचं गोल बटण. ह्यांना ते कपाळ वाटलं. बटणावर अष्टगंधाचं बोट टेकवलं, त्यावर कुंकू, त्यावर तीर्थाचे दोन थेंब. पुढे तो नेमच झाला. सकाळी आंघोळ, देवपूजा, आणि देवांचं उरलेलं गंध कॉम्प्युटरच्या बटणाला. "ज्याच्यावर आपण काम करतो त्याचा मान ठेवावा, शुभा." माझ्या मिक्सरचा मान ठेवायला कुणी आलं नाही. पण म्हटलं, जाऊ दे, करतोय बिचारा पूजा, कुणाचं काय जातंय?

आषाढ लागला, हवा सर्द झाली, आणि कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

बंद म्हणजे कसा? हे तावातावाने टाईप करत असायचे आणि टप्पदिशी अंधार. घरातला लाईट आहे, पंखा फिरतोय, टीव्हीवर बातम्या चालू आहेत, हा एकटाच मेला. पुन्हा बटण दाबलं की कधी सुरळीत चालू व्हायचा, कधी पंखे गरकन फिरून परत गप्प. दोन दिवस अगदी गुणी बाळ, तिसऱ्या दिवशी पुन्हा रडगाणं. आणि ह्यांना लिहिलेलं सेव्ह करायची सवय नाही. मी सांगितलं, "अधूनमधून सेव्ह करत चला." तर म्हणाले, "मला शिकवू नकोस." त्या पावसाळ्यात ह्यांचे पणजोबा इतक्या वेळा जन्मले की मला त्यांची जन्मतिथी पाठ झाली.

आता चूक कुणाची? कॉम्प्युटर ह्यांनी जोडलाय, म्हणजे ह्यांची नाही, एवढं पक्कं. बाकी सगळं जग उरलं. पहिला नंबर एक्स्टेंशन बोर्डाचा, कारण तो मी आणला होता. तो फेकला, दुसरा आणला, कॉम्प्युटर उचलून उलटासुलटा केला, आपटून धोपटून पुन्हा जागेवर ठेवला. चालला! "बघ," म्हणाले, "तुझा बोर्ड." चार दिवसांनी पुन्हा टप्प. मग दोष माझ्या मिक्सरवर आला. मी मिक्सर लावायच्या आधी स्वयंपाकघरातून ओरडून सांगायचं असं ठरलं. मी "चटणी!" म्हणून ओरडायची, हे कॉम्प्युटर बंद करायचे, मग मी चटणी वाटायची. शेजारचे विचारायचे, काकू, रोज चटणीचा एवढा आनंद कसला होतो हो तुम्हाला? काय सांगणार, कपाळ माझं!

मग पॉवर सप्लायवाला दुकानदार. त्या बिचाऱ्याला फोनवर सूत्रांसकट भौतिकशास्त्र ऐकवलं. त्याने कंटाळून बदलून दिला. पुन्हा कॅबिनेट आडवं पाडून उघडलं, आत फुंकर मारली, पुन्हा उभं केलं. चार दिवस बरं, मग येरे माझ्या मागल्या. मग यूपीएस आला. मग रॅम काढून खोडरबराने घासून झाली. मग ह्यांच्या डोक्यात आलं की घराचं अर्थिंगच कच्चं. कंपाउंडच्या कडेला खड्डा खणवला, त्यात कोळसा, त्यात मीठ, आणि हे रोज संध्याकाळी झारीने त्याला पाणी घालणार. कॉम्प्युटरला काडीचाही फरक पडला नाही. त्या मिठाच्या पाण्याने खड्ड्याशेजारचा कढीपत्ता तेवढा मेला. "मुळातच कमजोर होता," म्हणाले. माझ्या हाताने लावलेला कढीपत्ता, गल्लीभर फोडणीला पुरायचा! मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

शेवटी एके सकाळी व्होल्टेज मोजायच्या मीटरची लाल-काळी टोकं भिंतीच्या प्लगात खुपसून बसले होते, तेव्हा खाली सुलक्षणाने गिरणीची मोटर सुरू केली. आकडा जरासा खाली आला. हे ताडकन उठले. "सापडला चोर!"

मी म्हटलं, "अहो, गिरणी पाडव्यालाही होती. तेव्हा का नाही पडला बंद?"

"तुला त्यातलं काही कळत नाही."

"मग टीव्ही का नाही पडत? पंखा का नाही पडत?"

"संवेदनशीलता वेगळी असते प्रत्येकाची." हे कॉम्प्युटरबद्दल बोलत होते. माणसांबद्दल हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही.

पण आता हे विज्ञानाचे सर. नुसता आरोप कसा करतील? प्रयोग करायचा ठरला. ह्यांचं एक वाक्य भोरच्या निम्म्या माणसांना पाठ आहे, कारण ते प्रत्येक वर्गात, प्रत्येक प्रयोगाच्या आधी म्हणायचे: "एका वेळी एकच गोष्ट बदला. बाकी सगळं जसंच्या तसं." पोरं त्यांची नक्कल करायची, भुवया उंचावून आणि बोट वर करून. तर हे खाली गेले आणि त्याच बोटाने सुलक्षणाला सांगितलं, गिरणी दहा दिवस बंद ठेव. गणपती नुकतेच गेले होते, पितृपंधरवडा सुरू व्हायचा होता, दळण जरा कमी होतं. ती म्हणाली, "व्हय काका, चाललं की. आईला बघून येते मग. लई दिवस झालं, म्हातारी वाट बघती." तिची आई बाळाबाई वेल्ह्याला एकटी राहते. सुलक्षणाने गाळ्याचं शटर ओढलं आणि दुपारच्या गाडीने गेली.

त्याच दिवशी संध्याकाळी भोंगवलीहून फोन आला. ह्यांचे चुलतचुलते, रखमाजी तात्या, गेले. वय झालेलं होतं, माणूस सुटला. आम्ही जाऊन आलो. घरात सुतक आलं. सुतकात देवपूजा नाही, गंध नाही, फूल नाही, देवघराचं दार लोटलेलं. हे पूजेच्या वेळातही कॉम्प्युटरसमोर बसायला लागले. आणि काय सांगू, कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही! सकाळपासून रात्रीपर्यंत चालतोय आपला. पणजोबा जन्मले ते जन्मले, मोठे झाले, लग्न केलं, चार मुलांचे बाप झाले. रखमाजी तात्यांच्या नावापुढे मृत्यूची तारीखही लिहून झाली.

सुतक फिटलं. घरभर गोमूत्र शिंपडलं, देव पाण्यात घालून काढले, आणि ह्यांनी इतक्या दिवसांची पूजा एकदम वसूल केली. गंध चांगलं वाटीभर उगाळलं. देवांना लावलं, स्वतःला लावलं, मला लावलं, कॉम्प्युटरला लावलं. सुलक्षणाही सकाळच्या गाडीने परत आली होती. तिने शटर वर केलं, मोटर सुरू केली. दुपारी मी ताटं घेत होते तेव्हा आतून आरोळी आली. आनंदाची होती ती! कॉम्प्युटर बंद पडलेला आणि माणूस नाचतोय.

"सिद्ध झालं! एकच गोष्ट बदलली, शुभा. एकच!"

तसेच न जेवता खाली गेले. गिऱ्हाइकांसमोर सुलक्षणाला सांगितलं की तुझ्या मोटरमुळे माझं काम बरबाद होतंय, हे मी प्रयोगाने दाखवलंय, दिवाळीच्या पाडव्यापर्यंत गाळा मोकळा कर. वर येऊन माजी विद्यार्थ्यांच्या मोबाईल ग्रुपवर लांबलचक लेख लिहिला, व्होल्टेज आणि नागरिकांचे हक्क. खाली सतरा जणांचे अंगठे.

संध्याकाळी सुलक्षणा वर आली. ओट्याजवळ जमिनीवरच बसली. मी चहा दिला, तो तिच्या हातात तसाच निवला.

"काकू, काकांनी सांगितलंय ते खरंच का? का रागाच्या भरात म्हनले?"

"खरंच सांगितलंय गं."

"वरव्याला एक गाळा हाय म्हनत्यात, वरवे बुद्रुकला. पर तिथं समदी कामावर जानारी मानसं, पाकिटातलं पीठ आनत्यात. वेल्ह्याला जावं तर तिथं आदीच गिरन्या हायत्या. गिरनी काय, टेम्पोत घालून न्हेता येती. गिऱ्हाईक कुठनं न्हेऊ? हितं मानसं मला वळकत्यात. ह्ये गेल्यावर ह्या गल्लीनंच मला जगवलं." मग उठली आणि म्हणाली, "काकांना सांगा, मी पट्टा बदलते, मोटर बदलते, पहाटं दळते, काय म्हनतील ते करते."

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "भावनेने व्होल्टेज वाढत नाही." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की जेवताना पुन्हा म्हणून दाखवलं.

नवरात्र संपत आलं. खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडायची आमच्याकडे पद्धत. ह्यांनी माझी विळी घासली, कोयता घासला, स्कूटर धुतली, आणि मग कॉम्प्युटर घेऊन खोलीत बसले. कान कोरायच्या कापसाच्या काड्या मागितल्या, स्पिरिट मागितलं. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला वाटलं, बसलेत कौतुक करत. पूजेला मांडला तेव्हा एवढंच दिसलं की गंधाचा टिळा या खेपेला काचेवर होता आणि बटण लख्ख, कोरं. त्या दिवशी पुरणावरणाच्या गडबडीत मी त्याचा विचार केला नाही.

दसरा झाला आणि दिवाळीची भाजणी सुरू झाली. खाली डब्यांची रांग, गिरणी सकाळी सुरू झाली की दुपारपर्यंत थांबायचं नाव नाही. आणि वर? वर शांतता. आरोळी नाही, आदळआपट नाही, पणजोबा सुखरूप. मी विचारलं, "हल्ली बंद पडत नाही का?"

"पडतो की," हे पडद्याकडे बघत म्हणाले. "पण आता थोडेच दिवस उरलेत तिचे, म्हणून सहन करतोय."

पहिल्या दोन ओळींत मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी मेथीची जुडी घेतली आणि त्यांच्या खोलीतच निवडत बसले. खालून गिरणीची घरघर, फळीवरच्या वाट्यांची थरथर, आणि कॉम्प्युटर मजेत चालू. मेथी निवडून झाली, मग लसूण सोलला, मग उगाच तांदूळ निवडले. एकदासुद्धा बंद पडला नाही. ह्यांची चुळबुळ मात्र वाढायला लागली. तू इथे का बसलीस, तिकडे उजेड नाही का?

तांदळात बोटं फिरवताना माझ्या डोक्यात आलं. एकच गोष्ट बदलली म्हणे! त्या दिवसांत गिरणी बंद होती, हे खरं. पण सुतक होतं. पूजा बंद होती. गंधसुद्धा बंद होतं. मला ह्यांनीच शिकवलं होतं, अडकून बसला तर बटण थोडा वेळ दाबून धरायचं की तो आपोआप बंद होतो. रोज ओलं गंध, त्यावर कुंकू, त्यावर तीर्थ. पावसाळी हवेत ते वाळणार कधी? बटणाच्या फटीत साका बसून बटण चिकटत असणार. टेबलाला जरा धक्का लागला की आत जात असणार आणि तिथेच रुतून बसत असणार. आणि हे कॅबिनेट उचलून आपटायचे तेव्हा सुटून बाहेर येत असणार, म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर चार दिवस बरे जायचे. माझा कढीपत्ता उगाच मेला.

"बटण चिकटत होतं ना?" मी विचारलं.

"कुठलं बटण?"

"ज्याला गंध लावत होतात ते. खंडेनवमीला काड्यांनी साफ केलंत ते."

ह्यांच्या कानाची पाळी लाल झाली. मग घसा साफ करून म्हणाले, "कडेला थोडा साका होता. तेही एक कारण असू शकतं."

"आणि दुसरं कुठलं?"

दुसरं नव्हतंच. ह्यांना खंडेनवमीपासून माहीत होतं. रोज खाली गिरणी ऐकत होते, रोज वर कॉम्प्युटर चालत होता, आणि सुलक्षणा रोज कुणाकुणाला टेम्पोसाठी विचारत होती.

मी म्हटलं, "मग उठा. खाली जा आणि तिला सांगा, जाऊ नको."

"आता? अगं, गल्लीभर झालंय. ग्रुपवर लिहिलंय मी. काय म्हणतील लोक? विज्ञानाचे सर, आणि गंधाने बटण अडकलं?" मग आवाज अगदी समजूतदार केला. "आणि तिचं काही अडत नाहीये. वरव्याला मिळतोय ना गाळा?"

मला शिसारी आली. ह्या माणसाच्या ताटात मी इतकी वर्षं वाढलं, ह्याच्या बढाया ऐकल्या, ह्याच्या पणजोबांची बाळंतपणं केली, आणि हसत हसत केलं. दीडशहाणा आहे, पण मनाने वाईट नाही, असं मी मितालीला नेहमी सांगायची. आता काय सांगू? एका बाईचं पोट ह्याच्या फजितीपेक्षा स्वस्त निघालं. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता खाली जावं आणि भाजणीच्या रांगेसमोर सगळं ओरडून सांगावं, चटणीसारखं.

पण मी ह्यांना ओळखते. लोक हसले असते, पोट धरून हसले असते. ह्यांनी सगळं नाकारलं असतं, आणि त्या हसण्याचा राग गाळ्यावर काढला असता. गाळा ह्यांचा. मग पाडव्याचीही वाट बघितली नसती. ह्यांची जिरवून झाली असती आणि सुलक्षणाची गिरणी टेम्पोत चढली असती. कचेरीत मी असले साहेब पाहिले होते. त्यांना खरं सांगून काम होत नाही, त्यांना बाहेर पडायला दार उघडून द्यावं लागतं.

म्हणून मी म्हटलं, "मग सांगा, की मी केलं."

"काय?"

"मी ओल्या, खरकट्या हाताने बटण दाबत होते, त्याने ते चिकटलं. तुम्ही शोधून काढलंत. गिरणीचा दोष नव्हता. असं सांगा."

मला आशा होती, खोटं कशाला बोलू? वाटलं, निदान नको म्हणतील. तुझ्यावर कसं ढकलू, असं एकदा तोंडदेखलं तरी म्हणतील. पण ह्यांचा चेहरा एकदम उजळला, गुढीपाडव्याला पडदा उजळला होता तसा. "हां," म्हणाले, "हे चालेल." आणि चप्पल शोधायला लागले.

मी मागोमाग खाली गेले. रांगेत सात-आठ बायका, मांडीशी डबे, चकलीच्या भाजणीचा खमंग वास. सुलक्षणा मोटर बंद करून पीठ झटकत होती. ह्यांना बघून तिने टॉवेल सारखा केला.

"ऐका," हे बोट वर करून म्हणाले, "दोष सापडला. गिरणीचा नाही. मी काल सगळं पद्धतशीर तपासलं. आमच्या हिची कृपा! कणकेच्या हाताने बटण दाबायची. किती वेळा सांगितलं, विजेच्या वस्तूला ओला हात लावू नये. पण बायकांना सांगून उपयोग असतो का?" कणीक मी म्हटली नव्हती, ती त्यांनी जागेवरच मळली. बायका हसल्या. माझ्याकडे बघून हसल्या. शेफाली, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली, म्हणाली, "काय काकू, बिचारीला घालवत होता की गिरणीसकट!" मी पण हसले.

"तेव्हा तू राहा," हे सुलक्षणाला म्हणाले. "माझा काही आग्रह नव्हता. मी पुराव्याने चालणारा माणूस आहे. आणि हिला आता बोलू नका कुणी. होते चूक माणसाच्या हातून."

सुलक्षणाने माझ्याकडे पाहिलं. "पर काकू तर त्या मशिनीला हातबी..." एवढं म्हणाली. मी मान हलवली, अगदी बारीक. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पिठाच्याच हाताने पुसलं. मग माझ्याकडे न बघता तिने पुढचा डबा उचलला, मोटर सुरू केली, आणि ह्यांचं उरलेलं भाषण त्या आवाजात बुडालं. हे तरीही बराच वेळ बोलत राहिले.

पाडवा आला आणि गेला, गिरणी आहे तिथेच आहे. ग्रुपवर ह्यांनी दुसरा लेख लिहिला, घरगुती निष्काळजीपणा आणि विद्युत उपकरणे. अंगठे आणखी वाढले. मितालीचा फोन आला, म्हणाली, "आई, तू कशाला हात लावतेस गं बाबांच्या कॉम्प्युटरला?"

परवा सकाळी हे पूजा करून आले. काचेवर गंधाचा टिळा लावला, मागे सरून पाहिला. मग माझ्याकडे वळले. मी दारात उभी होते, भांडी घासून हात ओलेच होते. ह्यांच्या तोंडावर थट्टेची रेषही नव्हती. अगदी काळजीने, मनापासून म्हणाले, "शुभा, पुन्हा त्या बटणाला हात लावू नकोस हं."

मी म्हटलं, "नाही लावणार." खाली गिरणी चालू होती.